आई रेडिएशनला, मी ताऱ्यांपाशी: पीएचडी सोडू का?

ताई,
मी निपाणीची. पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. आई बावन्न वर्षांची. लग्नाआधीपासून तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, मिश्रीची सवय तिथलीच. उजव्या गालात आतून आलेला चट्टा तिनं कित्येक महिने लपवला. बायोप्सीत कॅन्सर निघाला. बेळगावात ऑपरेशन झालं, गालाच्या भागाबरोबर मानेतल्या गाठीही काढल्या. त्यातल्या एका गाठीत कॅन्सर सापडला. आता तीस वेळा रेडिएशन घ्यायला सांगितलंय. बाबांचं छोटं किराणा दुकान, दादा कागल एमआयडीसीत शिफ्टला. मामा म्हणाले, “चांदण्या मोजून कुणाचं पोट भरलंय गं? तेवढीच वर्षं डाक्टरकीत घातली असतीस तर आज आईच्या उपयोगी पडली असतीस.” मावशी म्हणते, बाहेरून मानेत काही लागत नव्हतं, मग मान कापली कशाला, बिल वाढवायलाच ना? आणि सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर त्या मशीनकडे बघून आईनं विचारलं, “तू असलंच काय तरी करतीस न्हवं?” मला उत्तर सुचलं नाही. पीएचडी सोडून मेडिकल फिजिक्सकडे वळावं असं वाटतंय. गाईडना राजीनाम्याची मेल लिहून ठेवलीय, अजून पाठवली नाही. काय करू?
– निपाणीची एक लेक

पोरी,

ती मेल पाठवू नकोस. आज नको, रेडिएशन चालू असताना नको, आणि रेडिएशननंतरची आईची पहिली तपासणी होईपर्यंत तरी नकोच. रजा माग. राजीनाम्याचा विचार पुढं कधीही करता येतो, पण एकदा मंजूर झालेला राजीनामा परत घेणं फार अवघड असतं.

खगोलशास्त्राची बाजू घ्यायची म्हणून मी हे सांगत नाहीये. माझी सगळी नोकरी रेडिएशनच्या विभागात गेली. एमएस्सी फिजिक्सनंतर मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला आणि निवृत्तीपर्यंत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून, म्हणजे रेडिएशनचा डोस आखायचं आणि मोजायचं काम केलं. तू जिकडं वळायचं म्हणतेस, तिथं मी आयुष्य काढलंय. त्याबद्दल पुढं लिहिते. आधी मावशीचं, कारण त्या शंकेनं घरातलं वातावरण नासतंय आणि आईच्या कानावरही ती जात असणार.

मान कापली ते बरोबरच केलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ हाताला लागत नसली तरी मानेतल्या ग्रंथी सुरुवातीलाच काढाव्यात की वाट बघावी, यावर डॉक्टरांमध्ये कित्येक वर्षं वाद होता. तो मिटवला मुंबईच्या टाटा मेमोरियलनं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांचे दोन गट करून दहा वर्षं हा अभ्यास चालवला. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट बघितलेल्या गटात ६७.५ टक्के. एका साध्या निर्णयानं एवढा फरक पडला आणि जगभरच्या सर्जनांना उत्तर मिळालं. तुझ्या आईच्या बाबतीत तर एका गाठीत आजार निघालाच. बाहेरून लागत नव्हता, आत होता. मावशीला रागावू नकोस, तिच्याजवळ बसून तो रिपोर्ट तिला वाचून दाखव.

आता आईचा प्रश्न. “तू असलंच काय तरी करतीस न्हवं?” पोरी, याचं उत्तर “व्हय, असलंच” असं आहे. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, ते खरंच आहे म्हणून.

१९५०च्या दशकात सिडनीत सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचे नकाशे काढायचं काम चालू होतं. एका ओळीत मांडलेल्या छोट्या डिश एका वेळी सूर्याची एक अरुंद पट्टीच वाचायच्या. एका पट्टीतून मिळायचा एक आकडा, म्हणजे त्या पट्टीतून येणाऱ्या सगळ्या लहरींची बेरीज. पट्टीत तेज कुठं जास्त, कुठं कमी, ते त्या आकड्यात दिसायचं नाही. पण पृथ्वी फिरेल तशी सूर्यावरची पट्टीची दिशाही बदलायची. वेगवेगळ्या दिशांच्या बेरजा हातात आहेत, मूळ चित्र मात्र नाही: ते परत कसं मिळवायचं? रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये त्याचं गणित मांडलं. सीटीच्या नळीत आईचा गाल आणि मान असते. क्ष-किरण आरपार जातात आणि वाटेतल्या हाडामांसानं मिळून किती अडवलं, तेवढीच बेरीज पलीकडं नोंदली जाते. मशीन भोवती फिरतं, शेकडो दिशांच्या बेरजा जमतात, त्यातून आतलं चित्र बांधलं जातं. प्रश्न तोच आहे.

आणि तुझा तर यात घराणेशाहीनंच हक्क आहे. भारतात रेडिओ खगोलशास्त्र उभं करणारे गोविंद स्वरूप तरुणपणी सिडनीच्या त्याच गटात कामाला होते. पुढं स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडंच त्यांनी १९६१ मध्ये पीएचडी संपवली. सिडनीच्या त्या जुन्या डिश भारताला भेट मिळाल्या आणि स्वरूप यांनी त्या कल्याणला उभ्या केल्या. मग १९७० मध्ये ऊटीची दुर्बीण आणि नंतर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तू बहुधा याच दुर्बिणीचा डेटा वापरत असशील, तिचा वंश हा असा आहे. एक नाव आपल्या बाजूचंही घेते. बेरजांवरून चित्र बांधताना ते धुरकट होतं. ते स्वच्छ करणारी एक गणिती चाळणी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये मांडली. जगभर तिला ‘राम-लक फिल्टर’ म्हणतात. रामचंद्रन म्हणजे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जैवभौतिकीचा विभाग उभा करणारे.

खगोलशास्त्रामुळं सीटीचा जन्म झाला, असं मात्र मामांना सांगू नकोस. ते खोटं ठरेल. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी ते यंत्र इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे घडवलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. दोन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच गणिताशी पोचली, खरी गोष्ट एवढीच आहे.

जमखंडीची गोष्ट मात्र त्यांना जरूर सांग, आपल्या शेजारचीच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून कुठल्या मूलद्रव्याची रेघ आहे ते दाखवणारं यंत्र, घेऊन जमखंडीला आले होते. पावसाळ्याचे दिवस, ढगांनी छळ मांडलेला. तरी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्यांना लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन झगझगीत रेघा दिसल्या. नारिंगी रेघ त्यांनी सोडियमची धरली. ती सोडियमची नव्हती. त्या वर्षभरात इतर निरीक्षकांच्या बारीक मोजणीतून ते कळलं, आणि पुढं काही वर्षांत तर्क निघाला, की ही रेघ पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नसलेल्या एका मूलद्रव्याची असावी. सूर्यावरून त्याला हेलियम नाव दिलं. विल्यम रॅम्से यांना ते पृथ्वीवर सापडायला १८९५ उजाडलं. आज दवाखान्यातल्या बहुतेक एमआरआय मशीनचं चुंबक उणे २६९ अंशाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून थंड ठेवतात. जमखंडीला ढगांतून डोळे लावून बसलेल्या त्या माणसाला रुग्णालयाचा विचार शिवलाही नसेल.

आणि इथंच मला मामांपेक्षा तुझी जास्त काळजी वाटते. ही सगळी उदाहरणं तू पाठ करशील, वाद जिंकशील आणि ‘माझं काम उपयोगाचं आहे’ एवढ्यावर पीएचडीत टिकायला बघशील. ते टिकणार नाही. उपयोगाचा हिशेब पन्नास-शंभर वर्षांनी लागतो, तुला मात्र उद्या सकाळी उठून डेटा कॅलिब्रेट करायचा असतो. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात आई आहे, मामा आहेत, पैसे आहेत, अपराधीपणा आहे. तू नेमकं कशावर संशोधन करतेस, याची एक ओळही नाही. आजारपणाच्या आधी त्या कामात तुझं मन रमत होतं का? रात्री उशिरा आलेख नीट आला की कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटत होतं का? होय असेल, तर आत्ताची उदासी दुःखाची आहे, विषयाची नाही. आणि आधीपासूनच मन उडालं असेल तर तसं स्पष्ट मान्य कर, पण ते आईच्या आजाराच्या नावावर घालू नकोस. पुढं कधी तिला वाटेल, माझ्यापायी पोरीचं शिक्षण बुडालं. तिच्यावर हे ओझं टाकू नये.

मामा वाईट नाहीत. बहीण आजारी पडली की भाऊ कुणावर तरी रागावतो. पण तू डॉक्टर असतीस तरी आईनं चट्टा लपवलाच असता. निपाणीत तंबाखूनं घरं चालवली, लेकरं शिकवली. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी हमरस्त्यावर बसले, गोळीबार झाला, तेव्हा तंबाखू म्हणजे आपल्या भागाची भाकरी होती. वखारीत काम करणाऱ्या बाईला मिश्री वाईट हे तेव्हा कोण सांगणार होतं? आता मिश्री पूर्ण बंद व्हायलाच हवी, त्यात तडजोड नाही, ती चालू राहिली तर उपचारालाही मारक ठरते. पण जुन्या सवयीचा दोष तिच्या पदरात टाकू नका.

आता मेडिकल फिजिक्स. काम चांगलं आहे, नोकऱ्या आहेत, कारण रेडिएशनचं मशीन जिथं असतं तिथं पात्र फिजिसिस्ट लागतोच, अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा दंडक आहे. एमएस्सी फिजिक्सवर डिप्लोमाची वाट आहे. पण काम कसं असतं ते ऐक. सकाळी पहिला रुग्ण यायच्या आत मशीन तपासायचं, ठरलेला डोस तेवढाच निघतो ना हे मोजायचं. छातीवर रेडिएशन मोजणारा बॅज लावून दिवसभर संगणकापुढं. तुझ्या आईसारख्या रुग्णाला साधारण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) डोस ३० भागांत देतात. तो गालाच्या आणि मानेच्या ठरलेल्या जागी पूर्ण पोचला पाहिजे आणि त्याच वेळी मज्जारज्जूला जाणारा डोस मर्यादेत राहिला पाहिजे, लाळेच्या ग्रंथी जमेल तितक्या वाचल्या पाहिजेत. मी तासन् तास संगणकावरच्या डोसच्या रेघा इकडच्या तिकडं सरकवत बसायची. हे काम करताना समोरची फाईल कुणाच्या आईची आहे हे बाजूला ठेवावं लागतं. दुःखातून या क्षेत्रात आलेली मुलं मी बघितली आहेत. सुरुवातीला प्रत्येक फाईल त्यांना आपल्याच घरातली वाटते. काहीजण सावरून उत्तम कामाला लागतात, काही वर्षाभरात सोडतात. म्हणून म्हणते, यायचं असेल तर शांत डोक्यानं ये.

उशीर होईल ही भीतीही मनातून काढ. अॅलन कॉरमॅक यांचं उदाहरण घे. केपटाऊनला अणुभौतिकी शिकवणारा माणूस. १९५६ मध्ये तिथल्या रुग्णालयाचा फिजिसिस्ट सोडून गेला म्हणून आठवड्यातला दीड दिवस तिथं जाऊन बसायचा. रेडिएशनचा डोस ठरवताना शरीर सगळीकडं सारखंच आहे असं धरतात, हे त्यांना तिथं खटकलं. आत काय आहे ते बाहेरून मोजता येईल का, असा विचार त्यांनी सुरू केला. १९६३ आणि ६४ मध्ये दोन शोधनिबंध लिहिले, फारसं कुणी विचारलं नाही. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आणि आपल्या काळातलं बघ: आकाशाचे तुकड्या-तुकड्यांनी घेतलेले लाखो फोटो जोडून सलग नकाशा करणारे अलेक्झांडर सॅले यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पॅथॉलॉजिस्ट जॅनिस टाउब यांच्याबरोबर तीच रीत कॅन्सरच्या नमुन्याच्या काचपट्टीवर वापरली. कुठली प्रतिकारपेशी कुठल्या कॅन्सरपेशीच्या शेजारी बसली आहे, याचा नकाशा काढून इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार) कुणाला लागू पडेल याचा अंदाज बांधायचा. २०२१ मध्ये ते काम ‘सायन्स’मध्ये आलं. सॅले आकाश सोडून तिकडं गेले नाहीत, आकाशाचं काम पक्कं येत होतं म्हणून त्यांना बोलावलं. अर्धवट पीएचडीला असं बोलावणं येत नाही.

आता कामाचं बोलू. गाईडना दोन परिच्छेदांची साधी मेल लिही: आईला काय झालंय, उपचार किती आठवडे, तू काय मागतेस. सुट्टी किती मिळते, त्या काळात फेलोशिप चालू राहते की थांबते, पीएचडीची मुदत वाढते का, हे संस्थेच्या शैक्षणिक कार्यालयातून लेखी घे. तोंडी आश्वासनावर राहू नकोस, मग ते कितीही प्रेमानं दिलेलं असो. पैशाचाही विचार कर. २०२३ पासून केंद्राच्या फेलोशिपचा दर ज्युनियरला महिना ३७,००० आणि सीनियरला ४२,००० रुपये आहे. तुमच्या घरात दर महिन्याला नक्की येणारी ही मोठी रक्कम आहे आणि राजीनाम्याबरोबर ती थांबते. दुर्बिणीवर तुझ्या नावानं वेळ मंजूर असेल तर सहकाऱ्याला सांगून ठेव, निरीक्षण वाया जाऊ देऊ नकोस. घरी असताना शोधनिबंध लिहीन, प्रकरण संपवीन असले संकल्प करू नकोस. संगणकाची एखादी स्क्रिप्ट सर्व्हरवर लावून ठेवण्याइतकंच काम ठेव. जमलं तर जमलं.

रेडिएशनला रोज कोण नेणार याचा कागद दादा आणि बाबांबरोबर बसून कर. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. निपाणीहून बेळगावला रोज एसटीनं जाणं-येणं आईला तिसऱ्या आठवड्यापासून झेपणार नाही. तेवढ्यापुरती बेळगावात नातेवाइकांकडं किंवा भाड्यानं खोली बघा. दादाला पहिली शिफ्ट मागून घ्यायला सांग. सगळं तुझ्यावर ओढून घेऊ नकोस, लेक घरी आली की बाकीचे हात काढून घेतात, हे आपल्याकडचं नेहमीचं आहे. खर्चासाठी कर्नाटकाचं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्ड आहेच. शिवाय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. तुम्हाला यातलं काय लागू पडतं ते उपचार सुरू व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्य मित्राकडं विचार. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेव.

पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी आईच्या तोंडावर दाबून मुखवटा बनवतील. थंड झाला की तो कडक होतो आणि रोज तो लावूनच तिला टेबलाला घट्ट धरून ठेवतात, म्हणजे डोस त्याच जागी बसतो. पुष्कळ बायका त्याला घाबरतात. श्वास घेता येतो, दुखत नाही, मशीनचं काम काही मिनिटांत उरकतं, हे तिला आधीच सांग. रेडिएशन घेऊन आलेल्या बाईपासून कुणालाही धोका नसतो, नातवंडांना जवळ घेऊ दे, तिचं ताट वेगळं करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलतं, चव जाते, भाकरी आणि खर्डा नको वाटतो. तेव्हा आंबील, ताकभात, पातळ खिचडी, जे गिळेल ते. वजन दर आठवड्याला बघा. तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवतील, ते कंटाळा आला तरी चालू ठेवायला लाव, नाहीतर जबडा आखडतो. आणि मधले दिवस पाडू नका. गणपतीला घरी जायचंय, पाहुणे आलेत, म्हणून आठवडा चुकवला तर उरलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला तेवढी सवड मिळते.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. म्हणजे तुमच्याकडं फार दिवस नाहीत. त्याआधी आईचे दात दंतवैद्याकडून तपासून घे आणि किडलेला असेल तो आत्ताच काढून टाका. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. याच आठवड्यात वेळ घे.